बेटकास्टरमध्ये सारखा गुंता होतोय? आधी बघा तो नेमका कधी होतो

मरळ माशासाठी हौसेनं बेटकास्टर, म्हणजे मासेमारीच्या रॉडवर लावायची फिरत्या स्पूलची (लाईन गुंडाळायच्या चकरीची) रील, घेतला आणि आता तो कपाटावर पडलाय, कारण तिसऱ्या-चौथ्या कास्टला, म्हणजे फेकीला, स्पूलवर लाईनचा गोळा होतो, ही तक्रार नाशिकमध्ये रॉड धरणाऱ्यांकडून दर पावसाळ्यात ऐकू येते. ब्रेक वाढवून बघितला, नॉब आवळून बघितला, लाईन बदलली, यूट्यूबवरचं सेटिंग जसंच्या तसं लावलं, दोन कास्ट नीट गेले की परत तेच. मला या लोकांसाठी खरंच वाईट वाटतं कारण रील बहुतेक वेळा चांगली असते, हातही वाईट नसतो, फक्त सगळे उपाय एकदम केले जातात आणि मूळ प्रश्न राहूनच जातो. गुंता झाला तेव्हा ल्युअर, म्हणजे नकली आमिष, कुठे होता? हातून सुटत होता, हवेत मध्यावर होता, की पाण्याला टेकत होता? या तिन्ही गुंत्यांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांना लागणारे ब्रेकही वेगळे आहेत, त्यामुळे हे ठरल्याशिवाय एकही नॉब फिरवू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

आधी मशीन थोडं समजून घेऊ. स्पिनिंग रीलमध्ये स्पूल जागेवर असतो आणि लाईन त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघते, त्यामुळे ल्युअर थांबला की लाईन पण थांबते, विषय संपला. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो, ल्युअरनं ओढलं की सुटतो आणि मग स्वतःच्या वजनानं फिरतच राहतो, पुढे ल्युअर हळू झालाय हे त्याला कळायला काही मार्ग नाही. येवल्याला संक्रांतीत ज्यानं आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरलीय त्याला हे वेगळं सांगायला नको, पतंग ढील घ्यायचा थांबला आणि आसारी तशीच फिरत राहिली की मांजा सैल पडून गुंतलाच म्हणून समजा. इथे फरक एवढाच की स्पूल मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगानं फिरत असतो आणि त्याला आवरायला ब्रेक आणि अंगठा एवढंच आहे.

मग एवढी कटकट असलेली रील घ्यायचीच कशाला, तर ती ज्या कामासाठी बनली ते काम ती फार छान करते. केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिअरची रील बनवली, तिथून हा प्रकार अमेरिकेत वाढला आणि पुढे बास माशाच्या मागे लागलेल्या लोकांनी त्याला आजच्या रूपाला आणलं. बास आपल्या पाण्यात नाही, पण तो गवतात, बुडलेल्या झाडाखाली लपून वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतो, आणि आपली मरळ पाणवेलीखाली बसून दुसरं काय करते? जाड लाईन, नेमक्या भोकात पडणारा कास्ट आणि मासा लागला की गवतातून ओढून काढायची ताकद, या तीन गोष्टी दोघांनाही लागतात. म्हणूनच बासची रील मरळीला चालते. पण एक लक्षात ठेवा, तिकडच्या व्हिडिओत जे सेटिंग सांगतात ते बहुतेक १० ते २० ग्रॅमच्या ल्युअरचं असतं, आणि आपल्याकडे जे छोटे रबरी फ्रॉग वापरतात त्यातले बरेच ५-७ ग्रॅमचे असतात, तिथेच निम्मी गडबड होते.

आता बेस सेटिंग. हे केल्याशिवाय पुढचं काही तपासता येत नाही. हँडलच्या मागे चांदणीसारखं चाक असतं तो स्टार ड्रॅग, तो मासा लाईन ओढतो तेव्हाचा, कास्टशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि तरी गुंता झाला की पहिल्यांदा तोच आवळणारे लोक मी बघितलेत. कास्टसाठी दोन गोष्टी बघायच्या. एक, त्याच चांदणीजवळ बाजूला असलेलं छोटं गोल टोपण, म्हणजे टेन्शन नॉब. दोन, हँडलच्या विरुद्ध बाजूला असलेला ब्रेक, हा चुंबकाचा असला तर बाहेर डायल असते, सेंट्रिफ्यूगल असला तर बऱ्याच रीलमध्ये साइड प्लेट उघडून आतल्या छोट्या पिना आत-बाहेर कराव्या लागतात. जो ल्युअर मारायचाय तोच बांधा, रॉड आडवा धरा, स्पूल मोकळा करणारं बटण दाबा आणि अंगठा हलकेच उचला. ल्युअर सावकाश खाली यायला हवा, आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल फार तर एखादा फेरा घेऊन थांबायला हवा. तो धाडकन पडून स्पूल भणभणत राहिला तर नॉब थोडा आवळा, ल्युअर जागचा हललाच नाही तर सैल करा. चुंबकाची डायल दहापैकी सात-आठवर ठेवून सुरू करा, पिना असतील तर बहुतेक सगळ्या चालू ठेवा. अंतर कमी पडेल, पडू दे. ल्युअर बदलला की टेन्शन नॉब परत बघायचा, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

पहिला प्रकार, ल्युअर सुटतानाच गुंता. ओळखायला सोपा आहे, ल्युअर चार-पाच मीटर जातो आणि हवेतच हिसका बसून थांबतो, कधी लाईन तुटून फ्रॉग एकटाच पलीकडे जातो, आणि गोळा घट्ट, खोलवर रुतलेला असतो. स्पूलनं एकदम वेग घेतला आणि ल्युअर तेवढा वेगानं निघालाच नाही, असा याचा अर्थ. यावर सेंट्रिफ्यूगल ब्रेक सगळ्यात चांगलं काम करतो कारण त्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, स्पूल जेव्हा सगळ्यात जोरात फिरतो तेव्हाच तो घट्ट पकडतो आणि वेग उतरला की स्वतःच बाजूला होतो. पण ब्रेकच्या आधी हात बघा. स्पिनिंगवरून आलेल्यांना मनगटाचा झटका मारायची सवय असते आणि बेटकास्टरला झटका अजिबात सोसत नाही. रॉडच्या टोकापासून ल्युअर वीत-दीड वीत खाली लोंबू द्या, मागे नेताना रॉड वाकलेला हाताला जाणवला पाहिजे, मग एकाच लयीत पुढे आणा. मारताना रीलचं हँडल आकाशाकडे असेल असं मनगट वळवा, मनगट मोकळं राहतं आणि रॉड चांगला लोड होतो.

याच प्रकारातली एक केस सांगतो. आमच्यातला एक जण सातपूरला कंपनीत मशीन सेटर आहे, हात एकदम सफाईदार, मोजमाप कळणारा माणूस. वालदेवी धरणावर तो कास्ट मारत होता आणि प्रत्येक वेळी सुटतानाच गोळा. डायल दहावर, नॉब इतका आवळलेला की ल्युअर लोंबतच राहतोय, तरी गोळा. म्हणाला, "भाऊ, रीलच डिफेक्टिव्ह आहे, परत करतो." मी रॉड हातात घेऊन बुडाशी छापलेलं वाचलं तर १४ ते ४२ ग्रॅम, आणि पुढे बांधलेला फ्रॉग सात ग्रॅमचा. मागे नेताना तो रॉड वाकतच नव्हता, काठी हलवावी तसा सरळच्या सरळ येत होता, मग ल्युअरला वेग द्यायला हा बिचारा जोर लावणार आणि तो सगळा जोर स्पूलला जाणार. त्याला माझ्याकडचा १४ ग्रॅमचा फ्रॉग बांधायला दिला, नॉब सैल करून परत लावला, डायल सातवर आणली. पहिलाच कास्ट शांतपणे जाऊन समोरच्या गवताच्या कडेला पडला. त्यानं वळून रीलकडे बघितलं, मग रॉडवरचे आकडे परत वाचले, आणि म्हणाला, "टूलच चुकीचं लावलं होतं राव." अगदी तेच. सात ग्रॅमच्या खालचे ल्युअर तुम्हाला मनापासून आवडत असतील तर त्यासाठी स्पिनिंग वापरा, हलक्या ल्युअरसाठी खास उथळ स्पूलचे बेटकास्टर येतात पण शिकायला ते घेऊ नका.

दुसरा प्रकार, हवेत मध्यावर. इथे पहिला संशयित वारा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो आणि गंगापूर किंवा दारणाच्या मोकळ्या बॅकवॉटरला त्याला अडवायला काहीच नसतं. तोंडावर वारा घेऊन मारला की ल्युअर मध्येच मंदावतो, स्पूल मात्र मघाच्याच वेगात असतो, झालं. अशा वेळी चुंबकाचा ब्रेक दोन आकडे वर घ्या, तो वेगाच्या प्रमाणात काम करतो त्यामुळे कास्टभर थोडा थोडा धरून ठेवतो. कास्ट उंच न मारता बाजूनं, पाण्याला समांतर मारा. आणि शक्य असेल तर सरळ जागा बदला, पश्चिमेच्या काठावर उभं राहून वारा पाठीवर घेतला तर तीच रील त्याच सेटिंगवर गुण्यागोविंदानं चालते. ज्या ल्युअरला हवेत पंखा फुटतो, म्हणजे स्पिनरबेट वगैरे, किंवा जे गिरक्या घेत जातात, त्यांना वारा नसला तरी ब्रेक थोडा जास्त लागतो.

पण मध्यावर होणारा प्रत्येक गुंता वाऱ्याचा नसतो, आणि इथे बरेच जण फसतात. ल्युअर मजेत चाललाय आणि एकदम भिंतीला आपटल्यासारखा थांबला, तर लाईन कुठेतरी अडकलीय. दोन जागा तपासा. एक म्हणजे लीडरची, म्हणजे मुख्य लाईनला पुढे जोडलेल्या तुकड्याची, गाठ. लीडर लांब ठेवला आणि गाठ स्पूलवर गुंडाळली गेली तर कास्ट करताना ती रीलच्या पुढच्या लाईन गाईडला ठोकर मारते. फ्रॉगसाठी लीडरची गरजच बहुतेक नसते, लावायचाच तर इतका आखूड की गाठ टोकाच्या बाहेर राहील. दुसरी जागा म्हणजे ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन स्वतःतच रुतणं. मरळ लागली किंवा गळ गवतात अडकून तुम्ही जोरात ओढलं की वरचा फेरा खालच्या सैल फेऱ्यांत घुसतो, दिसत नाही, आणि पुढचा कास्ट तिथे येऊन खटकन थांबतो. जोरदार ओढाओढी झाली की पुढच्या कास्टआधी हातानं थोडी लाईन ओढून बघायची, रुतलेला फेरा सुटला की ताण देऊन परत गुंडाळायची. ब्रेडेड भरतानाच ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा. आणि स्पूलवर आधी, सगळ्यात खाली, थोडी मोनो (एकपदरी नायलॉन लाईन) किंवा टेप हवीच, ब्रेडेड गुळगुळीत असते, नुसती भरली तर अख्खी लाईन स्पूलवर गरगर घसरते आणि माणसाला वाटतं ड्रॅग गेला.

तिसरा प्रकार, पाण्याला टेकताना. कास्ट पूर्ण जातो, छान जागी पडतो, आणि रीलवर बघावं तर वरच्या वर मोकळी, फुगलेली वेटोळी. हा सगळ्यात साधा गुंता आणि याच्यावर ब्रेक वाढवणं हा सगळ्यात चुकीचा उपाय, कारण कास्ट तर नीट गेला होता, ब्रेक वाढवून तुम्ही फक्त अंतर घालवाल. शेवटी स्पूल हळू झालेला असतो, तेव्हा सेंट्रिफ्यूगल जवळपास झोपलेला असतो, चुंबक पण मंद. टेन्शन नॉबचं घर्षण मात्र वेग कितीही असो तेवढंच राहतं, म्हणून शेवटाला त्याचा थोडा उपयोग होतो. खरा उपाय अंगठा. ल्युअर पाण्याला टेकायच्या निमिषभर आधी अंगठा टेकवायचा, टेकल्यावर नाही. नजर ल्युअरवर ठेवा, रीलकडे बघू नका. सुरुवातीला पूर्ण कास्टभर अंगठा स्पूलवर पिसासारखा ठेवायचा, लाईन फुगायला लागली की ती आधी अंगठ्यालाच गुदगुल्या करते, ते एकदा कळायला लागलं की निम्मे गुंते होण्याआधीच दाबले जातात. शिमानोच्या डीसी रीलमध्ये आत छोटा कॉम्प्युटर ब्रेक सांभाळतो, छान चालतो, पण ल्युअर टेकताना अंगठा तिथेही लागतोच.

आणि झालाच गुंता तर? दिसेल तो फेरा नखानं उपसायचा मोह आवरा, ओढलं की गाठ पडते. असं करा, बटण दाबून लाईन जिथपर्यंत सहज येते तिथपर्यंत ओढा. अडली की अंगठा स्पूलवर, थेट गोळ्यावर, चांगला जोरात दाबा आणि तसाच दाबून ठेवून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. अंगठ्याखाली फेरे सपाट होताना जाणवतात. मग परत बटण, परत ओढा. बहुतेक वेळा एखादा अडकलेला वळसा बाहेर येतो आणि पुढची लाईन भराभर निघते. नाही निघाली तर परत दाबा, परत फिरवा. अगदी हट्टी असेल तर जो फेरा आडवा गेलाय त्याच्याखाली बारीक सुई किंवा टूथपिक घालून तो फक्त सैल करा, आणि शांतपणे करा, घाईत कापाकापी केली की अर्धी लाईन जाते. शिकणाऱ्यांनी आणखी एक करून ठेवा, नेहमीच्या कास्टपेक्षा थोडी जास्त लाईन बाहेर काढून स्पूलवर इन्सुलेशन टेपचा एक पट्टा मारा आणि वर लाईन गुंडाळा, गुंता टेपच्या खाली जाऊ शकत नाही. शिकताना १२-१४ पाउंडची मोनो बरी, जाड असल्यानं सोडवायला सोपी, हात बसला की मरळीसाठी ४०-५० पाउंडची ब्रेडेड भरा. स्पूल काठोकाठ मात्र कधीच भरू नका, कडेपासून साधारण तीन मिलिमीटर रिकामं ठेवा.

आता जे अजून विकत घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी थोडं. डब्यावर १८ अधिक १ बेअरिंग लिहिलंय म्हणून भुलू नका, चार-पाच चांगली बेअरिंग असलेली रील हलक्या दर्जाच्या अठरा बेअरिंगच्या रीलपेक्षा कितीतरी पटीनं मऊ चालते. शिमानो, दायवा, आबू गार्सिया यांचं सगळ्यात साधं मॉडेल घेतलं तरी शिकायला पुरून उरतं. ब्रेक बाहेरून फिरवता येणारा घ्या, काठावर चिखलात उभं राहून साइड प्लेट उघडली आणि पीन पडली तर ती सापडत नाही. गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतो तो आकडा, मरळीसाठी ७ च्या आसपास, म्हणजे ७.१ किंवा ७.३, हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ७०-७५ सेंटीमीटर लाईन येते आणि मासा पाणवेलीत डोकं खुपसायच्या आत वर काढता येतो. पाचच्या घरातली रील खोल पोहणाऱ्या क्रँकबेटसाठी, तिकडे बासवाले ती वापरतात, इथे फ्रॉगला ती कमी पडते. हँडल डावं की उजवं ते दुकानातच ठरवा, नंतर बदलता येत नाही. आणि कृपा करून स्पिनिंगच्या रॉडवर बेटकास्टर लावू नका, बेटकास्टरचा रॉड वेगळा असतो, त्याच्या मुठीला बोटासाठी खालून ट्रिगर असतो आणि कड्या वरच्या बाजूला असतात. मीडियम हेवी रॉडनं सुरुवात करा.

सराव पाण्यावरच करायला हवा असं काही नाही, मोकळ्या प्लॉटवर गळ काढून टाकलेला ल्युअर किंवा तेवढ्या वजनाचा नट बांधून मारा, वीस पावलांवर एक पाटी ठेवा आणि ती नेम धरून गाठा. गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे नको. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आधी त्यांना विचारा, लोक नीट बोलतात. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत, तिथे रॉड नेऊच नका. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका बुडबुडताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते, तिथे फ्रॉग टाकला तर ती नक्की मारेल, म्हणूनच टाकू नका, आईबाप गेले की त्या पिल्लांना बाकीचे मासे संपवतात.

शेवटी, जी रील महिनोन्महिने नीट चालत होती आणि अचानक गुंतायला लागली तिच्याबद्दल. इथे हात किंवा वारा शोधत बसू नका, रील उघडा. साइड प्लेट नीट बसली नसेल तर स्पूल डुगडुगतो आणि बारीक ब्रेडेड स्पूलच्या मागे दांड्यावर जाऊन बसते, लाईन काळी किंवा चिरलेली दिसली तर समजा तेच झालंय. साफ करताना स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस लावलं असेल तर कास्ट मेलाच, ग्रीस फक्त गिअरला, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, एकच, आणि लाईन गाईड ज्या नागमोडी दांड्यावर सरकतो त्याला एक. पाऊस संपला की त्या दांड्यातला चिखल जुन्या ब्रशनं काढा. नंतर स्पूल मोकळा करून बोटानं फिरवून बघा. आवाज न करता बराच वेळ फिरला तर रील ठीक आहे, परत पहिल्या प्रश्नाकडे जा. खरखरत लगेच थांबला तर बेअरिंग बदलायला झालंय, नवीन रील घ्यायची गरज नाही, बेअरिंगच्या कड्यावरचा नंबर किंवा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून तेवढंच मागवा.